म्युरिअलचा मेढेकोट

सकाळचा चहा झाला की म्युरिअल ऑस्क्रॉफ्ट किटलीतला चोथा गाळणीत उपडा करायची, बोटांनी दाबून त्यातला शेवटचा थेंब काढायची आणि तो काळपट अर्क खिडकीतल्या बरणीत ओतायची. चोथा आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रावर पसरून हीटरवर वाळत ठेवायची. दुपारपर्यंत तो कुरकुरीत झाला की त्यातले देठ निवडून बाजूला काढायचे आणि उरलेली पूड बिस्किटांच्या जुन्या डब्यात भरायची. रविवारीसुद्धा. नाताळच्या सकाळीसुद्धा. अर्क काड्या रंगवायला लागायचा, पूड गावाच्या जमिनीवर पालापाचोळा म्हणून पडायची.

गाव म्हणजे जेवणाच्या टेबलावर मावेल एवढं. उत्तर अमेरिकेतल्या इरोक्वॉय या आदिवासी लोकांचं, साडेतीनशे वर्षांपूर्वीचं: सालीने मढवलेली पाच लांब घरं आणि त्यांच्याभोवती उभ्या मेढींचा कोट.

तिचा नवरा आयव्हर समोरच बसलेला असायचा. तो बस चालवायचा, सहाची पाळी असली तर डोळे अर्धवट मिटलेलेच असायचे. पहिली काही वर्षं तो म्हणायचा, "तू चहा पितेस की चहाला कामाला लावतेस?" पुढे म्हणायचा थांबला. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक जशी ऐकू येईनाशी होते, तसं ते गाळणीवरचं बोटांचं दाबणं त्याला दिसेनासं झालं.

म्युरिअल पंधराव्या वर्षी मोज्यांच्या कारखान्यात लागली होती. यंत्रातून मोजा बाहेर येतो तेव्हा त्याचं बोटांकडचं तोंड उघडं असतं. त्याचा एकेक टाका गोल चकतीवरच्या एकेका सुईत अडकवायचा आणि मग ते तोंड शिवून घ्यायचं. एक टाका निसटला तरी मोजा पायाला बोचतो आणि परत येतो. हे काम तिनं बत्तीस वर्षं केलं. कारखाना बंद झाला त्या दुपारी बाकीच्या बायका पबमध्ये जाऊन रडल्या, हसल्या. म्युरिअल घरी आली आणि धुणं वाळत घातलं. तेव्हा आयव्हरने विचारलं होतं, "बरी आहेस ना?" ती म्हणाली होती, "उन्हं आहेत तोवर वाळेल."

त्यांना मूलबाळ नव्हतं. आयव्हरला मात्र मंगळवार होता. दर मंगळवारी संध्याकाळी चॅपलच्या मागच्या खोलीत सातआठ पुरुष जमायचे, बहुतेक टक्कल पडलेले, पोट सुटलेले, आणि मोठ्या टेबलावर बोटभर उंचीचे शिशाचे शिपाई मांडून, फासे टाकून, फूटपट्टीने अंतर मोजून जुन्या लढाया नव्याने लढायचे. आयव्हर फ्रेंच शिपाई रंगवायचा. त्याचे कोट नीट निळे व्हायचे, डोळे मात्र नेहमी आश्चर्य वाटल्यासारखे. कारखाना बंद झाला त्याच हिवाळ्यात या फ्रेंचांना हल्ला करायला काहीतरी हवं म्हणून त्याने ते गाव करायला घेतलं. दात कोरायच्या काड्यांची पाकिटं आणली आणि पुठ्ठ्यावर एका ओळीत चिकटवली. ओळ दारू प्यायल्यासारखी झुकली. तो ती तशीच ठेवून पाळीवर गेला. परत आला तर ओळ सरळ उभी होती.

"झुकत होती म्हणून काढली आणि परत लावली," म्युरिअल म्हणाली.

"बरं झालं."

त्यानंतर त्याने एकही काडी लावली नाही. तसं काही ठरलं नव्हतं. तो शिपाई रंगवायचा, ती गाव बांधायची. कोटाचे तुकडे सुटे, वीतवीतभर लांबीचे, म्हणजे खेळताना एखादी बाजू 'पडली' की उचलून घेता येईल. घरांची छपरंही उचलता येणारी, आत शिपाई ठेवायला. दर वर्षी मे महिन्यात जवळच्या न्यूअर्क शहरात प्रदर्शन असायचं, देशभरातले असे मंगळवारवाले तिथे टेबलं मांडायचे. गाव पावाच्या क्रेटमध्ये घालून गाडीने न्यायचं. टेबलाच्या पुढ्यात एक कार्ड उभं करायचं: क्लबचं नाव, लढाईचं नाव, आणि खाली कोणी काय केलं ते. हे कार्ड त्या लोकांत फार मानाचं. कोणी दुसऱ्याचा रंगवलेला शिपाई मांडला तर त्याचं नाव कार्डावर टाकल्याशिवाय मांडत नाहीत.

पहिल्या वर्षी एका माणसाने वाकून गाव पाहिलं आणि विचारलं, "हे तूच केलंस?" आयव्हरच्या तोंडात पोर्कपायचा घास होता. त्याने मान डोलावली. घास गिळून झाल्यावर खरं सांगता आलं असतं, पण तोवर विचारणारा पुढच्या टेबलावर गेला होता. दुसऱ्या वर्षी कार्डावर छापून आलं: शिपाई आणि गाव, आयव्हर ऑस्क्रॉफ्ट. तिसऱ्या वर्षी तेच कार्ड पुन्हा वापरलं.

एकदाच, एक्याण्णव साली, क्रेट गाडीत ठेवता ठेवता म्युरिअल म्हणाली होती, "कार्डावर माझं नाव टाकलं तर चालेल का? गावापुढे."

"आता छापून झालंय गं. पुढच्या वर्षी बघू."

तिने क्रेटवर चादर अंथरली, कडा आत खोचल्या. पुन्हा तिने विचारलं नाही. आयव्हरला ते आठवत होतं. दर मे महिन्यात, कार्ड उभं करताना, दाताच्या फटीत काहीतरी अडकल्यासारखं आठवायचं, आणि मग फासे पडायला लागले की विसरायचा.

लोक त्याच्याकडे सल्ला मागायला यायचे. तो म्हणायचा, "सवडीने करायचं, बस." शहाण्णव साली एका मासिकाने त्याच्याकडून लेख मागवला: मेढेकोट कसा बांधावा. मजकूर म्युरिअलने सांगितला, त्याने लिहून काढला. एक वाक्य मात्र त्याचं स्वतःचं होतं, 'काड्यांची टोकं वरच्या बाजूला ठेवा, शत्रूला धडकी भरली पाहिजे.' फोटो काढायला नेव्ह कट्स आला. नेव्ह म्हणजे क्लबातला त्याचा सगळ्यात जुना दोस्त, निवृत्त पोस्टमन. स्वयंपाकघरात दिवा वाकवून त्याने काड्या कापायचं पातं धरलेल्या आयव्हरच्या हातांचे फोटो काढले. म्युरिअल शेगडीपाशी बटाटे परतत होती. मान न वळवता म्हणाली, "पातं उलटं धरलंयस."

नेव्ह हसला. आयव्हरने पातं सुलटं केलं, पण छापून आला तो आधीचाच फोटो.

दोन महिन्यांनी मासिकाच्या पत्त्यावरून फिरत फिरत एक पत्र आलं, कॅनडाचं तिकीट लावलेलं. आयव्हर जेवत होता, म्हणून म्युरिअलने फोडून वाचलं.

"'श्री. ऑस्क्रॉफ्ट, तुमचं गाव पाहिलं. छान आहे, पण त्याला पेन्सिलींचं कुंपण आहे. आमच्याकडे एवढ्या पेन्सिली नव्हत्या. कोवळं झाड तोडायचं, जाड बुंधा मातीत, बारीक शेंडा वर. प्रत्येकाला तासून टोक काढत बसायला वेळ कुणाला होता? मेढींच्या मधून फांद्या विणायच्या, आतून सालीचे तुकडे लावायचे. आणि एका रांगेने भागत नाही, तीन तरी हव्यात. रागावू नका. मीही शिपाई रंगवतो आणि आमच्या लोकांना जिंकवायचा प्रयत्न करतो. अजून जमलेलं नाही. एलवुड बॉम्बेरी, ग्रँड रिव्हर.'"

"कोण हा शहाणा?" आयव्हर म्हणाला.

"ज्यांचं गाव आहे, त्यांतला."

दुसऱ्या दिवशी तिने सगळा कोट उपटला. अकराशे चाळीस काड्या. त्या तिने मोजल्या आणि शेगडी पेटवायच्या लाकडांत टाकल्या. तेरा वर्षांचं काम दुपारभरात नुसत्या पुठ्ठ्यापुरतं उरलं. आयव्हर दारात उभा होता. त्या आठवड्याच्या शेवटी अंगण झाडायला गेला तर शेडमध्ये नुसता दांडा.

"झाडू कुठे गेला?"

"गावात," म्युरिअल म्हणाली.

बर्चच्या बारीक फांद्यांचा झाडू होता तो. तिने एकेक फांदी बोटांवर फिरवून सरळ असलेल्या निवडल्या, बुंधा खाली, शेंडा वर. चहाच्या अर्कात बुडवल्या, कुठल्या एक दिवस, कुठल्या चार दिवस, म्हणजे सगळ्या एका रंगाच्या होणार नाहीत. तीन रांगा. मग कारखान्यातली तिची आकडेवाली सुई तिने कुठूनशी काढली आणि मेढींच्या मधून धाग्याएवढ्या डहाळ्या विणू लागली, एक पुढून, एक मागून. आतल्या बाजूला पावाच्या तपकिरी पिशवीचे चुरगाळून भिजवलेले तुकडे. दार म्हणजे दार नव्हतंच. कोटाचं एक टोक दुसऱ्याच्या पुढे गेलेलं, मधल्या चिंचोळ्या बोळातून आत शिरायचं. असं करायला एलवुडने दुसऱ्या पत्रात सांगितलं होतं.

कारण पत्रं चालू राहिली. "तुझ्या नावानं उत्तर टाकलंय," ती म्हणाली होती. "लेख तुझ्या नावाचा आहे ना."

"बरं."

एलवुडची पत्रं ती वाचून झाल्यावर आयव्हरच्या ताटाशेजारी ठेवायची. तो त्यांवर मिठाची बाटली ठेवायचा. अडीच वर्षांत अकरा पत्रं आली. एकदा तिने विचारलं होतं, घरांच्या दारांवर काय रंगवायचं? त्याने लिहिलं, दारावर कुळाचं चिन्ह असतं, अस्वल, लांडगा, कासव असं काही. पण कूळ आईकडून येतं. घर बाईचं, जावई तिथे राहायला येतो. कुंपण पुरुष घालतात, कुंपणाच्या आत कोणाचं काय ते बायका ठरवतात. तेव्हा हे घर कोणत्या बाईचं, ते ठरल्याशिवाय दार रंगवू नका. म्युरिअलने पाचही दारं कोरी ठेवली. हे पत्रही मिठाच्या बाटलीखाली आठवडाभर होतं.

नव्याण्णवच्या मेमध्ये नवा कोट पुरा होऊन पहिल्यांदा न्यूअर्कला गेला. म्युरिअल नेहमीप्रमाणे टेबलाच्या मागे थर्मास घेऊन उभी होती. अकराच्या सुमारास एक उंच, रुंद म्हातारा गर्दीतून आला. गुडघे दुखत असल्यासारखा सावकाश चालत होता, डोक्यावर टोपी. त्याने कार्ड वाचलं, मग आयव्हरकडे पाहून हात पुढे केला.

"मिस्टर ऑस्क्रॉफ्ट? मी एलवुड. मुलगी लेस्टरला नर्स आहे, तिच्याकडे आलोय. म्हटलं, कळवायचं नाही, एकदम जायचं."

आयव्हरने हात मिळवला. "वा," तो म्हणाला. "वा. लांबून आलात."

एलवुडने चष्मा काढला आणि वाकला. कोटाच्या बोळातून त्याची नजर आत शिरली, घराघरांवरून फिरली.

"झाडूच का हा?"

"अं?"

"काड्या. शेडमधला झाडू मोडला म्हणून लिहिलं होतंत ना तुम्ही. मी माझ्या बहिणीला वाचून दाखवलं, ती हसून हसून बेजार."

"हो हो. झाडू. झाडूच तो."

"आणि दारं कोरी. अजून बाई ठरली नाही वाटतं?"

टेबलाच्या पलीकडे नेव्ह फासे हातात घेऊन थांबला होता. आयव्हरने दारांकडे पाहिलं. ती कोरी आहेत हे त्याला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

"कोण बाई?"

"दाराची," एलवुड म्हणाला.

"रंग संपला," आयव्हर म्हणाला.

एलवुड सरळ उभा राहिला. त्याने आयव्हरकडे पाहिलं, आणि मग त्याच्या मागे उभ्या असलेल्या म्युरिअलकडे, तिच्या हातांकडे. तिची बोटं दुसऱ्या पेरापर्यंत तपकिरी होती, सिगारेट ओढणाऱ्याची असतात तशी, फक्त दहाच्या दहा. तिने थर्मासचं झाकण फिरवून घट्ट केलं.

"आयव्हर म्हणत होता, घाईनं कशाला ठरवायचं," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी बघू."

आयव्हरच्या कानात तिचे ते शेवटचे शब्द दोनदा वाजले. आत्ता बोलावं, असं त्याला वाटलं. तोंडात घास नव्हता, काही नव्हतं. समोर एक माणूस उभा होता, एक वाक्य पुरलं असतं. तो फूटपट्टी शोधू लागला.

"बरोबर आहे," एलवुड म्हणाला. "घाई नसावी. त्यात चहा आहे का, बाई?"

"आहे. दूध घालून आणलाय, चालेल?"

"चालवून घेईन."

दोघं टेबलाच्या कोपऱ्याला अर्धा तास उभे होते. आयव्हर फ्रेंचांचे फासे टाकत होता आणि मधूनमधून तिकडे पाहत होता. म्युरिअल हातांनी काहीतरी दाखवत होती, एक पुढून, एक मागून. तिला इतकं बोलताना त्याने कधी पाहिलं होतं, आठवेना. तीन वाजेपर्यंत गाव पडलं. म्हणजे नियमाप्रमाणे छपरांवर आणि कोटावर काळ्या कापसाचे पुंजके ठेवले. आग लागली हे दाखवायला.

"दर वेळी हेच होतं का?" एलवुडने विचारलं.

"नियमच तसे आहेत," नेव्ह म्हणाला.

"नियम कोणी लिहिले?"

"हा काय, आयव्हरने."

"हे मात्र त्यांनीच लिहिले म्हणायचे," एलवुड म्हणाला. त्याने टोपी सारखी केली, म्युरिअलचा हात दोन्ही हातांत धरला, नेव्हकडे पाहून मान हलवली आणि गेला. लोक टेबलं आवरू लागले. म्युरिअलने चिमटा काढला आणि मेढींत अडकलेला कापूस तंतू तंतू वेचू लागली. जळालेलं गाव ती दर वर्षी असंच साफ करायची.

परतताना गाडीत आयव्हर म्हणाला, "मला आठवलं नाही ते, दाराचं."

"वाचलं असतंस तर आठवलं असतं." मग थोड्या वेळाने, "डावीकडनं घे. तिकडं रस्ता खणलाय."

जूनमध्ये एलवुडचं पत्र आलं. पाकिटावर लिहिलं होतं: मिसेस एम. ऑस्क्रॉफ्ट. म्युरिअलने ते खिडकीपाशी उभ्याने वाचलं आणि ताटाशेजारी ठेवलं नाही. काट्याचमच्यांच्या खणात, ट्रेच्या खाली सरकवलं.

"काय म्हणतो?" आयव्हरने विचारलं.

"पाऊस आहे म्हणे तिकडं."

त्या पत्रात काय होतं हे त्याने पुढेही पाहिलं नाही. फेब्रुवारीत एका सकाळी तो सहज गावावर वाकला तर मधल्या, सगळ्यात लांब घराच्या दारावर मसुरीच्या दाण्याएवढं कासव होतं, तांबड्या रंगाचं, चार पाय आणि डोकं नीट मोजता येणारं.

"हे कधी केलंस?"

"बाई ठरली," ती म्हणाली. "त्याची आई. तो म्हणाला, चालेल."

आयव्हर खुर्चीत बसला. समोर गाळणी होती, बरणी होती. कॅनडातल्या एका परक्या माणसाने आपल्या आईचं घर तिला देऊ केलं होतं, आणि सोळा वर्षांत आयव्हरला कार्डावर एक ओळ देता आली नव्हती. लाज वाटायला हवी होती. वाटली ती नुसती थंडी, पायमोजे ओले असल्यासारखी.

एप्रिलमध्ये तो आपल्या जुन्या बस-डेपोत गेला आणि ऑफिसातल्या मुलीकडून एक कार्ड छापून घेतलं. मेढेकोट, घरं, जमीन: म्युरिअल ऑस्क्रॉफ्ट. त्याखाली, लहान अक्षरांत: फ्रेंच शिपाई, आयव्हर ऑस्क्रॉफ्ट. मुलीने विचारलं, "तुमचं नाव खाली का?" तो म्हणाला, "शिपाई बोटभरच आहेत." कार्ड त्याने कोटाच्या आतल्या खिशात ठेवलं. तिथेच, सगळ्यांसमोर उभं करायचं, तिने पाहायचं, असं त्याने ठरवलं होतं.

प्रदर्शन रविवारी होतं. गुरुवारपासून म्युरिअलला खोकला होता. रविवारी सकाळी ती उठली, त्याच्यासाठी अंड्याची सँडविचं करून डब्यात भरली, आणि गाऊन घालूनच सोफ्यावर बसली.

"तू जा. मी नाही येत. तिथं हॉलमध्ये खोकत बसायचं म्हणजे."

"म्युरिअल, या वर्षी आली असतीस तर..."

"सोळा वर्षं पाहिलंय की. तसंच असेल."

त्याचा हात खिशाकडे गेला. बाहेर नेव्हने हॉर्न वाजवला. पायरीवर क्रेट होते, आकाश भरून आलेलं, कागद भिजेल म्हणून त्याने हात काढून घेतला. संध्याकाळी दाखवू.

हॉलमध्ये त्याने कार्ड उभं केलं. नेव्हने वाचलं, क्लबातल्या बाकीच्यांनी वाचलं. मग आयव्हरच बोलला. "यातली एकही काडी मी रोवलेली नाही. कधीच नाही. सगळं तिचं आहे."

"बरं," नेव्ह म्हणाला आणि कोटाचा तुकडा जागेवर बसवू लागला.

"बरं काय? मी काय म्हणतोय, कळलं का?"

"आयव्हर, डक," नेव्ह म्हणाला. त्या भागात पोस्टमनपासून डॉक्टरपर्यंत सगळेच एकमेकांना डक म्हणतात. "तू पातं उलटं धरतोस. फोटो मी काढलेत. सगळ्या क्लबाला माहितीये."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून."

"आणि तिला? तुम्हाला माहितीये हे तिला ठाऊक होतं?"

"ते मी कसं सांगू? तू विचारलंस कधी?"

फासे पडले. लोक आले, वाकले, वाचून पुढे गेले. एका बाईने विचारलं, "म्युरिअल कोण?" आयव्हरने सांगितलं, "माझी बायको. आज आली नाही." एवढंच. इतक्या वर्षांचं ओझं उतरलं की काहीतरी हलकं वाटतं असं त्याने ऐकलं होतं. डब्याची पिशवी तेवढीच जड होती. दुपारी गाव पडलं. कापूस त्याने स्वतः वेचला, चिमट्याने, आणि वेचताना दोन मेढी मोडल्या.

त्यानंतरच्या गोष्टी पटापट झाल्या. सोमवारी पहाटे म्युरिअलला श्वास घेता येईना. ॲम्ब्युलन्स आली, तिच्या तोंडावर मास्क होता, ती काही बोलली नाही. मंगळवारी दुपारी ती गेली. न्यूमोनिया, डॉक्टर म्हणाले, या वयात फार वेळ देत नाही. चॅपलच्या पाद्रीने आयव्हरला विचारलं, "त्यांना कशाची आवड होती? दोन शब्द बोलायचे म्हणून विचारतो." आयव्हर म्हणाला, "ती मेढेकोट बांधायची." पाद्रीने वहीत 'बागकाम' असं लिहिलं. आयव्हरने ते वाचलं आणि दुरुस्त करायला सांगितलं. पाद्रीने खोडलं, स्पेलिंग विचारून घेतलं. प्रार्थनेला नेव्ह होता, क्लबातले सगळे होते, कारखान्यातल्या चार बायका होत्या. एलवुडला आयव्हरने स्वतः पत्र लिहिलं, पाच ओळींचं. उत्तर आलं. अक्षर बदलल्याचा त्यात उल्लेख नव्हता.

लोक विचारतात, शेवटी काही म्हणाली का? आयव्हर नाही म्हणतो. हॉस्पिटलात ती बोललीच नाही, हे खरं आहे. पण रविवारी संध्याकाळी पाच वाजता तो घरी आला तेव्हा ती बोलली होती.

ती सोफ्यावरच होती, पायांवर ब्लँकेट, टीव्ही चालू आणि आवाज बंद. त्याने क्रेट आत आणले. मग खिशातून कार्ड काढून तिच्या हातात दिलं. तिने चष्मा चढवला. वाचलं. उलटून मागची बाजू पाहिली, तिकडे काही नव्हतं, पुन्हा सुलटं केलं.

"हे मांडलंस?"

"दिवसभर होतं टेबलावर. आणि सांगितलंसुद्धा, सगळ्यांना. एकही काडी माझी नाही म्हणून."

"नेव्ह काय म्हणाला?"

"म्हणाला, माहीत होतं."

"हं."

ती खोकली, बराच वेळ. आयव्हर उभाच होता. आणखी काहीतरी येईल म्हणून तो थांबला. राग चालला असता, हसणं चाललं असतं. तिने कार्ड मांडीवर ठेवलं, त्यावर हात ठेवला आणि टीव्हीकडे पाहू लागली. पडद्यावर कोणीतरी हवामान सांगत होतं, नकाशावरून हात फिरवत. मग तिचं लक्ष त्याच्या खांद्यावरच्या पिशवीकडे गेलं.

"डबा आत्ताच भिजत घाल," म्युरिअल म्हणाली. "अंड्याचा वास राहतो."